खांडबाऱ्याची जागा

नंदुरबारात कॉलेजच्या रस्त्याला, अभ्यासिकेच्या जिन्याखाली चारुलता पाटीलचं दुकान आहे. पाटीवर 'चारू ग्राफिक्स' लिहिलंय, पण ते कोण वाचतंय? सगळे तिला बायोडाटावाली ताई म्हणतात. आता बायोडाटा आमच्याकडे दोन तऱ्हेचा. एक नोकरीचा, एक लग्नाचा. शब्द एकच, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून तेवढंच म्हणतं की ताई, बायोडाटा बनवायचाय. पुढचं आपण ओळखायचं. चारुलता ओळखायची. पोरगा एकटा, शर्ट खोचून, मार्कशीटांची पिशवी घेऊन आला की नोकरीचा. आई, मावशी, मामी अशी फौज आली आणि मधे एखादी पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली की लग्नाचा. तिची कधी गफलत झाली नाही. झाली ती एकदाच, तीही स्वतःच्याच बाबतीत. तीच सांगायची आहे.

हल्लीच्या पोरांना साधा रिझ्यूम चालत नाही. क्रिएटिव्ह पाहिजे. डाव्या बाजूला गडद पट्टा, वर गोलात फोटो, आणि प्रत्येक गुणापुढे एक आडवी पट्टी, किती टक्के येतं ते दाखवणारी. इंग्रजी साठ टक्के, एक्सेल सत्तर टक्के. हे टक्के कोण ठरवणार? चारुलताच. धडगावकडचा जालमसिंग म्हणाला, पावरी बोली शंभर टक्के टाका, बाकी तुमच्या मनाने. आणि दुसऱ्या एका बहाद्दराने 'नम्रता ९५%' लिहून घेतली आणि उरलेल्या पाच टक्क्यांत फॉन्टवरून तिच्याशी अर्धा तास भांडला. तिला या कामाची हौस होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून ती नवनवी डिझाईन शिकायची. पण त्याच मोबाईलवर पोरं आता स्वतःच रिझ्यूम बनवायला लागली होती आणि दुकानात गर्दी कमी होत चालली होती.

या रिझ्यूमांची शेवटची ओळ मात्र सगळ्यांची एकच. छंद : संगीत ऐकणे. आमच्या जिल्ह्यात इतके संगीतप्रेमी असतील असं रस्त्यावरचे डीजे ऐकून वाटत नाही, पण असो. अभ्यासिकेतली पोरं कानात बोंडं घालून खाली यायची आणि गाणी ऐकत अभ्यास होतो की नाही यावर चारुलताच्या काउंटरपाशी वाद घालायची. ती हसायची. तिने सगळं बी.कॉम. गाण्यांवर केलं होतं. कोरीटला, तिच्या गावी, घर माणसांनी भरलेलं. काका, चुलत भाऊ, पपईचे व्यापारी, सालदार, आल्यागेल्याचा चहा, एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याचं सुरू. ती रेडिओ उशाशी घेऊन पुस्तक उघडायची. रेडिओ लागला की घरचे समजायचे, पोरगी अभ्यासाला बसली, हाक मारू नका. तेव्हा माणसांचा आवाज अडवायला तिला गाणी लागायची. आता माणसांचा आवाजच नाही म्हणून लागतात. दुकानामागच्या खोलीत ती सकाळी उठल्या उठल्या आधी स्पीकर लावते, मग तोंड धुते.

लग्न का नाही झालं ते विचारू नका. विचारणाऱ्यांनी तिला विचारून विचारून दमवलं आहे. एकाला ती सावळी वाटली. दुसऱ्याचं जमत आलं होतं, तेवढ्यात वडलांना लकवा झाला आणि पाहुणे वर्षभर थांबतो म्हणाले, थांबले मात्र नाहीत. वडलांचं सगळं तिने केलं. ते अंथरुणाला खिळलेले असतानाच धाकट्या भावाचं, भूपेंद्रचं लग्न उरकून घेतलं, कारण घरात बाई माणूस पाहिजे होतं. चारुलता होती ती कुणाच्या लेखी बाई माणूस नव्हती की काय, देव जाणे. वडील गेले आणि ती नंदुरबारला येऊन दुकान टाकून राहिली. मग काही बिजवरांची स्थळं आली, मग तीही नाही. कुणी ठरवून थांबवलं असं नाही हो. येणं आपोआप बंद झालं आणि ते बंद झालंय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुकान बंद असतं. अख्खा दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना घसा खाकरून घ्यावा लागायचा. आई, कौसाबाई, कोरीटहून फोन करायची. जेवलीस का विचारायची, आणि हो म्हटलं की फोन नातवाच्या हातात द्यायची. नातू फोनमध्ये ट्रॅक्टरचा आवाज काढायचा. चारुलता तो आवाज संपेपर्यंत ऐकायची.

अशात एका सकाळी भूपेंद्रचा फोन आला. तो मार्केट यार्डात होता, मागे हमालांची आरडाओरड चाललेली. तो घाईघाईत म्हणाला, "ताई, खांडबाराले एक जागा शे. चांगली शे, शाळावर शे. तुन्हा बायोडाटा धाडी दे, आजच."

आता आमच्याकडे नोकरीलाही जागा म्हणतात आणि लग्नाच्या स्थळालाही जागाच म्हणतात. अमक्याच्या पोरीला चांगली जागा भेटली म्हटलं की लोक लग्नाची तारीख विचारतात. चारुलता फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. जागा, खांडबाऱ्याला, शाळेवर. म्हणजे मास्तर असणार. दिवाळीत भावजय म्हणालीच होती की ताई, कुठवर एकट्या राहणार. म्हणजे घरात विषय निघाला असेल. नक्कीच निघाला असेल. विचारावं का, मुलगा कोण, वय काय? पण मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? ती एवढंच म्हणाली की धाडते. बोलताना तिचा आवाज जरा चिरकला, पण यार्डाच्या गोंगाटात तो भूपेंद्रला ऐकू जाणार नव्हता.

तिने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भर धंद्याच्या वेळी! गिऱ्हाईक आलं तर येऊ दे, गेलं तर जाऊ दे. आजवर तिने कितीतरी पोरींचे बायोडाटे केले होते, पण स्वतःचा करायची वेळ आली तशी हात थांबला. वर गणपती ठेवला. लाल-सोनेरी वेलबुट्टी नेहमीची, ती काढून टाकली. पोरांच्या रिझ्यूमला वापरायची ती फिकट हिरवी चौकट घेतली, कडेला पातळ रेघ, मजकुराला मोकळी जागा. कुलदैवत, देवक, रास, मामांचं गाव. वय लिहिताना जन्मसाल खरं टाकलं. 'वर्ण' या शब्दापुढे सगळे निमगोरा लिहून घेतात. तिने सावळा लिहिलं, आणि बघणाऱ्याने आधीच बघून घ्यावं म्हणून फोटोवर कसलाही उजाळा मारला नाही.

मग आवड. तिथे संगीत ऐकणे असं दोन शब्दांत ती दुसऱ्या कुणाचंही लिहून मोकळी झाली असती. स्वतःचं लिहिताना तिला ते खोटं वाटलं. तिने लिहिलं : अभ्यास करताना आणि काम करताना गाणी लावायची सवय आहे. जरा वेळाने पुढे भर घातली : आवाज कमी ठेवता येईल. समोरचा मास्तर आहे, पेपर तपासत असेल, त्याला शांतता लागत असेल, असा सगळा विचार तिने केला. अपेक्षा या रकान्यात लोक निर्व्यसनी, सुशिक्षित, कायमस्वरूपी नोकरी असं लिहितात. तिने लिहिलं : घरी आल्यावर बोलणारा असावा. एवढंच. वाचून बघितलं, आपणच लाजली, पण खोडलं नाही.

डोळे मिटून तिने बटण दाबलं आणि बायोडाटा भावाला धाडला. भूपेंद्रने तो उघडलाही नाही. आला तसा पुढे ढकलला. त्याच्या डोक्यात बहिणीचं दुकान चालेनासं झालंय, खांडबाऱ्याच्या एका खासगी शाळेत संगणक शिकवायला बाई पाहिजे आहे आणि तिथले चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत, एवढंच होतं. त्याचं काय चुकलं सांगा? बिचारा भल्यासाठीच धडपडत होता. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, गुरुवारी अकराला बोलावलंय, तू जा, मला जमणार नाही. हे ऐकून तरी तिला शंका यायला हवी होती. मुलीने एकटीने मुलगा बघायला जायचं, भाऊ सोबत नाही? पण तिने स्वतःच स्वतःची समजूत घालून घेतली. वय झालेल्यांचं असंच असतं, आता काय पोहे आणि पाट मांडायचेत? शाळेत भेटतील, चार शब्द बोलतील. मनात मांडे खायला बसलं की माणूस कशाचीही समजूत काढतो.

गुरुवार येईपर्यंत चारुलता वेगळीच वागत होती. अभ्यासिकेतल्या पोरांना तिने विचारलं की खांडबाऱ्याला राहायला घरं कशी आहेत. दुकान उचलून तिकडे नेता येईल का याचाही हिशेब तिने करून ठेवला. शाळा आहे, बाजाराचं गाव आहे, रेल्वे आहे, बायोडाटे काय तिथेही लागतातच. स्पीकरचा आवाज कमी करून किती कमीवर आपल्याला चालतं तेही तिने एकदा बघितलं.

गुरुवारी सुरतकडे जाणारी पॅसेंजर धरली. मेंदी रंगाची साडी, केसांत छोटा गजरा. एका कानात गाणी, दुसरा कान मोकळा, स्टेशन चुकायला नको म्हणून. खिडकीतून कपाशीची रानं मागे पडली आणि पुढे सागाची झाडं लागली. समोरच्या म्हातारीने विचारलं, कुठे निघालीस माय एवढी नटून? चारुलता नुसती हसली. म्हातारीही समजल्यासारखी हसली आणि तिने पिशवीतून सीताफळ काढून दिलं. कितीतरी दिवसांत कुणी तिला असं आपण होऊन काही खायला दिलं नव्हतं.

शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर दोन मुली बसल्या होत्या, विशी-बाविशीच्या. दोघींच्या मांडीवर प्लास्टिकच्या फाइली. शिपायाने चारुलताला विचारलं, तुम्हीपण इंटरव्ह्यूच्याच ना मॅडम? तिला आधी ऐकूच आलं नाही नीट. त्याने परत विचारलं, आणि बाकावरची एक मुलगी सरकून तिला जागा देत म्हणाली की संगणकासाठी आपण तिघीच आहोत. चारुलता बाकाच्या कडेला टेकली. जरा वेळाने पदर सावरायचं निमित्त करून केसांतला गजरा काढला आणि पर्समध्ये कोंबला. तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, पण आत तिचं नाव पुकारलं गेलं.

टेबलामागे तिघे जण होते आणि टेबलावर तिचा बायोडाटा, रंगीत प्रिंट काढलेला. चेअरमन वयस्कर, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "मॅडम, तुमची रास कळली, मामांचं गाव कळलं. टायपिंगची गती काही कळली नाही." बाकीचे दोघे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. चारुलताही हसली. काय करणार? आणि तिच्या तोंडून निघून गेलं की हा दुकानातला नमुना आहे, गिऱ्हाइकांना दाखवायचा, चुकून हीच फाइल आली. हां, असं होय, असं म्हणून चेअरमननी मान डोलावली. मग त्यांनी प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली, बरी दिली. पण तिचं लक्ष त्या कागदावर होतं. 'आवाज कमी ठेवता येईल' या ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ मारलेली होती. ती रेघ मारताना इथे काय बोलणं झालं असेल, ते तिला परत येताना गाडीत सारखं ऐकू येत राहिलं. कानात तिने गाणी लावलीच नाहीत.

संध्याकाळी भूपेंद्रचा फोन आला. चेअरमननी त्याला हसत हसत सगळं सांगितलं होतं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, आईचे गुडघे, पपईचा भाव. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुले दुसरंच काही वाटनं का?"

हो म्हणायची एवढी एकच वेळ होती. हो म्हटलं असतं तर कदाचित तो गावात चार ठिकाणी बोलला असता, कदाचित नसताही. पण हो म्हणायचं म्हणजे, मी अजून वाट बघते, हे पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या भावाला सांगायचं.

"नही रे. तो ते दुकानना नमुना व्हता," ती म्हणाली. "चुकीमा धाडाई गया."

"मंग बरं," भूपेंद्र म्हणाला. त्याने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. "मी बी तेच सांगं त्यासले. तुन्हा लगिननं ते मन्हा ध्यानमाच नही उनं."

तो हे तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला. तुझ्याबद्दल असला भलता विचार मी केलाच नाही, असं त्याला सांगायचं होतं. फोन ठेवल्यावर चारुलता रडली. उगाच डोळ्यांत पाणीबिणी नव्हे, चांगली तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. शेजारी सायबर कॅफेवाल्या शौकतभाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, ताई, सब ठीक? तिने सर्दी झाली म्हणून सांगितलं.

नोकरी बाकावर सरकून जागा देणाऱ्या मुलीला मिळाली. चारुलताला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात भूपेंद्र काही कामासाठी नंदुरबारला यायचा होता, आणि नमुना म्हटलंय तर तो दुकानात दिसायला पाहिजे. तिने स्वतःचा फोटो काढून तिथे गुलाबाचं चित्र बसवलं, नावाच्या जागी 'कु. अबक' टाकलं आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवून कागद भिंतीवर इतर नमुन्यांच्या रांगेत चिकटवला. भूपेंद्र आला. आल्या आल्या त्याची नजर भिंतीवर फिरली, त्या कागदावर थांबली आणि मग तो निवांत खुर्चीत बसून चहा प्यायला. बहिणीला कोरीटची मिरची देऊन गेला.

त्यानंतर दिवस नेहमीसारखे जात राहिले. लग्नसराईच्या तोंडावर एक दिवस गुलाबबाई नावाची बाई आली, सोबत मान खाली घातलेली लेक. भिंतीवरचे सगळे नमुने तिने एकेक करून न्याहाळले आणि हिरव्या चौकटीच्या कागदावर बोट ठेवलं. हा किती साधा, किती छान, असाच पाहिजे, असं म्हणाली. लेकीनेही मान वर करून बघितलं. चारुलताने खुर्ची ओढली, फाइल उघडायला घेतली. आता आमच्याकडच्या बायकांची एक समजूत आहे. ज्या डिझाईनवर एखादीचं लग्न जमलं, ती डिझाईन गुणाची; तीच आपल्या पोरीला घ्यायची. म्हणून पक्कं करायच्या आधी त्या हमखास विचारतात. गुलाबबाईनेही विचारलं.

"ह्या पोरनं जमनं का?"

खोटं बोलायला काय जात होतं? जमलं, सुरतेला दिली, असं दुकानात बसून ती शंभर वेळा बोलली होती, गिऱ्हाईक खूश होतं आणि कुणाचं बिघडत नाही. तेच बोलायला तिने तोंड उघडलं.

"आजून नही," ती म्हणाली.

तिचं तिलाच ते ऐकू आलं. गुलाबबाईने कागदावरचं बोट काढून घेतलं. रागाने नाही, देवाच्या वस्तूला चुकून पाय लागावा तसं जरा घाईने. आणि चारुलताकडे न बघता, पुढच्या नमुन्याकडे सरकत म्हणाली, "मंग दुसरा दखाड माय."

चारुलताने तिला लाल-सोनेरी वेलबुट्टीचा दाखवला. त्यावर तिघींचं जमलंय, हे तिने खरं तेच सांगितलं. गुलाबबाई खूश झाली, लेकीची रास, देवक, उंची सांगायला लागली, आणि चारुलता एकेक टाइप करत गेली. दहा वर्षांत स्वतःविषयी 'अजून' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. निघाला तेव्हा समोर आई नव्हती, भाऊ नव्हता. एक अनोळखी बाई होती, आणि तिला त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं.